ओरेस्तेचा आवाज

ओरेस्ते पडद्यावर चिक्कार वेळा मेला होता. कधी दरोडेखोर म्हणून, कधी रोमन शिपाई म्हणून. पण मरताना निघालेली किंकाळी नेहमी दुसऱ्याची. रोमच्या सिनेमात आवाज मागाहून भरायचे, आणि ओरेस्तेसारख्या किरकोळ नटांचे ताल्यानी नावाचा आवाजाचा कलाकार भरायचा. आज पहिल्यांदाच आवाज भरून घेणाऱ्या आदेलेबाईंनी त्याला स्वतःच्या भूमिकेला आवाज द्यायला बोलावलं होतं. जमलं नाही तर ताल्यानी बाहेर बाकावर बसलेलाच होता.

निवेस, त्याची बायको, स्टुडिओच्या कोपऱ्यात बाळाला, पेप्पेला, मांडीवर घेऊन बसली होती. बाळाला सांभाळणारी शेजारीण ऐन वेळी सटकली होती.

"पोरगं चिरकलं की तिघंही बाहेर," आदेलेबाईंनी बजावलं होतं. निवेसची नजर बाळाच्या पापण्यांवरून हलत नव्हती.

लाल दिवा लागला. पडद्यावर ओरेस्ते गुडघ्यांवर, कपाळाला बंदूक. माईकपुढचा ओरेस्ते म्हणाला, "गोळी घालू नका, मला लेकरू आहे हो!" पडद्यावरचे ओठ भलतंच बोलत होते.

"शूटिंगच्या वेळी काय बरळलास रे?" आदेलेबाईंनी विचारलं.

"आकडे, बाई." त्याची मान खाली गेली. "एकवीस, बावीस... आवाज ताल्यानीच देणार, मग संवाद कशाला पाठ करायचे? सगळेच करतात."

"मग ताल्यानीच करेल. आता एकदाच संधी देते. आधी नीट बघून घे."

 फिल्मचा तो तुकडा मुकाच फिरला. आकडे, आकडे, आणि शेवटी ओठ दोनदा मिटले. हे तोंड ती पाळण्यावर वाकलेलं रोज बघत होती. शूटिंगच्या त्या आठवड्यात बाळ तापाने फणफणलं होतं.

"ओरेस्ते," ती कुजबुजली, "शेवटी तू आपल्या पेप्पेला हाक मारतोयस."

त्याने वळून पाहिलं. दिवा लागला.

आकड्यांवर तो नुसता पुटपुटला, घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो तसा. मग फाटक्या आवाजात, "पेप्पे!"

मांडीवरच्या पेप्पेने डोळे उघडले. तोंड वासलं. निवेसने बोट आत सारलं. नवे दात कचकन रुतले. ती हललीसुद्धा नाही. पडद्यावर ओरेस्ते अजून मरत होता, किती सावकाश मरावं माणसाने!

दिवा विझला. 

"तो लेकरू-बिकरूचा संवाद काढा, हेच राहू दे," आदेलेबाई म्हणाल्या. मग दाराकडे ओरडल्या, "ताल्यानी, घरी जा! आणि बाई, सोडा आता त्याला. रडू दे बिचाऱ्याला."

निवेसने बोट काढलं.