निळ्या किनारीचं फडकं

फडक्याच्या एका कडेला अजून निळी किनार होती. लेकीच्या, ज्योत्स्नाच्या, शाळेच्या ओढणीची. बादलीत ते बुडवताना लुंबिनी ती किनार दर वेळी बाहेर ठेवी, तेवढी तरी त्या पाण्यापासून वाचावी म्हणून. पाणी करडं होतं. सकाळी त्यात भाजी धुतलेली, मग कपडे विसळलेले, आणि आता ते फरशीच्या वाट्याला; नळाची वाट पाहत लातुरात संसार केलेल्या बाईचा हात पाणी फेकायला उचलतच नाही. ज्योत्स्नाच्या टेबलाखाली फुटाण्यानं आजही ओलं केलं होतं.

तो पडद्यामागे होता. कुत्र्याचं मूठभर भुरं अंग झाकलं गेलं होतं, शेपटीचा गोंडा तेवढा बाहेर. आपण दिसत नाही अशी त्याची खात्री… लुंबिनीला त्या खात्रीचीच कणव आली.

तिचा नवरा आनंदराज दारात बूट घालत होता. "पुन्हा?"

"हाव."

"काका सोयाबीन घेऊन आडतीत आलेत. संध्याकाळी टेम्पो रिकामाच चाललाय देगलूरला. देऊन टाकू. शेतात मोकळं ऱ्हाईल ते."

"अन् ज्योत्स्नाला काय सांगू?"

"सांग, तुझा फुटाणा शेतकरी झाला." तो हसला, मग तिच्याकडे पाहून हसू आवरलं. "लई झालं, लुंबिनी. दार उघडलं की वास. रोज कंबर मोडून पुसायलीस, बघवत न्हाई मला."

त्यात खोटं काही नव्हतं, हेच अवघड होतं.

पोरगी नागपूरला डॉक्टरकी शिकायला जाईपर्यंत हे कुत्रं किती शहाणं होतं! पहाटे क्लासच्या आधी ती त्याला समोरच्या लिंबाखाली नेई. तो दाराशी बसून वाट पाही, एक थेंब घरात नाही. ती गेल्यावरही त्याच वेळी तो दाराशी बसला, काही दिवस. मग एका सकाळी टेबलाखाली… आनंदराजनं त्याचं नाक त्या ओल्यात दाबलं. तेव्हापासून त्यानं दाराशी बसणंच सोडलं. लपायला मात्र शिकला. आता लुंबिनी त्याला लिंबाखाली नेते. तो गल्लीच्या टोकाकडे पाहत उभा राहतो, कोरडाच परततो, आणि घरात येऊन थेट टेबलाखाली. फोनवर लेक विचारते, बाहेर जातो ना गं तो? आणि लुंबिनी म्हणते, जातो की. हा शब्द रोज थोडा जड होत चालला होता — दिवाळीला ती येईल, पडदा उचलून पाहील, तेव्हा हा शब्द ठेवायचा कुठं?

दुपारी ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. झोपली असं वाटून फुटाणा बाहेर आला. दबकत टेबलाखाली गेला, फरशी हुंगू लागला — हळूहळू, एकेक वीत, ओळीखाली बोट धरून वाचावं तसा. मग तिथंच गोल फिरू लागला. ओरडा तिच्या गळ्यापर्यंत आला आणि थांबला. काय वाचतोय हा?

ती गुडघ्यांवर आली. वाकली. नाक फरशीला टेकवलं.

वास होता. आजचा, आणि त्याखाली कालचा, आणि त्याखालीही… ओंजळभर करड्या पाण्यात तेच फडकं पुन्हा पुन्हा पिळून पुसता पुसता ती तो वास तिथंच रोज सारवत आली होती. आणि हा जीव तेच वाचत होता — इथंच, तुझी जागा इथंच.

ओळखीचा वास. हिमायतनगरच्या माहेरची वाकळ, अंधार, मांड्यांना चिकटलेला परकर — मी केवढी होते? शाळेत जाणारी, म्हणजे हे घडू नये एवढी मोठी. माझी आई नागुबाई, घरात कुणी उठायच्या आत अंगाखालची वाकळ ओढून परसात नेई आणि प्यायची घागर तिच्यावर उपडी करी. अख्खी.

"आये, प्यायचं पाणी गं…"

"आणीन दुसरं. वास ऱ्हायला तर तुला रोज रातच्याला आठवंल."

आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन आई दूरच्या विहिरीकडे निघे. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही पुन्हा नाही.

लुंबिनी स्वयंपाकघरात गेली. झाकलेल्या हंड्यात प्यायचं पाणी काठोकाठ होतं. नळाला पुन्हा कधी येईल… हात क्षणभर अडला. मग तिनं हंडा उचलला आणि टेबलाखाली कलंडवला. साबण, खराटा, पुन्हा पाणी. फडक्याला तिनं हात लावला नाही. पाणी मोरीकडे धावलं. फुटाण्याचे चारही पाय भिजले, तो शिंकला, दचकून स्वतःच्याच शिंकेकडे पाहिलं, आणि लुंबिनी कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

फरशी कळेल का त्याला उद्या? कोरी वाटेल? की हे सगळं आपल्याच मनाचं धुणं… तिला ठाऊक नव्हतं.

गल्लीत आनंदराजची स्कूटर वळली. मागोमाग काकांच्या टेम्पोचा हॉर्न. लुगड्याचा काठ भिजवत ती तिथंच बसून राहिली. फुटाण्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि लपायला न जाता तिच्या गुडघ्याला टेकून बसला.

फाटकाची कडी वाजली. ती उठली नाही. तिच्या तळव्याखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं, आणि त्यावरचा तिचा हात, तिलाच नवल वाटलं, हटत नव्हता.