सासूबाईंचं मशीन

विद्यापीठातल्या आपल्या विभागातल्या सगळ्यांविषयी तिचं मत एकच होतं: बिनकामाचे. यांचा धंदा काय, तर एखादी वस्तू पर्यावरणाला किती महागात पडते ते तिच्या जन्मापासून भंगारापर्यंत मोजायचं. खाण, कारखाना, वापर, कचरा, सगळं. यांतल्या एकानं कधी खाण पाहिली असेल तर शपथ! कचऱ्याशी संबंध चहाचे कप टेबलाखाली सरकवण्यापुरता. दुसऱ्यांचे संशोधनाचे पेपर वाचायचे, त्यांतले आकडे उचलायचे, आपला पेपर पाडायचा आणि वर पर्यावरणाच्या नावानं उसासे टाकायचे.

हल्ली तर तेवढेही कष्ट नको झाले होते. विभागप्रमुख, म्हणजे पाठीमागे सगळ्यांचे ‘महर्षी’, या संशोधनातल्या नव्या प्रवाहांवर पेपर लिहीत होते. लोक काय लिहितात यावर लिहायचं, झालं! लिहीत होते म्हणजे राबत होती ती, आणि पहिलं नाव महर्षींचं. करते काय? वर्षानुवर्षं कंत्राटावर काढली होती, ते कंत्राट यंदा संपत होतं. कायमची एक जागा निघाली होती, पण मुलाखतीत महर्षींचा शब्द शेवटचा. “तेवढी जागा पदरात पडेपर्यंत जीभ आवर गं बाई,” असं आई रोज बजावायची.

पेपर चाळताना तिला एक गंमत दिसली. कपडे धुण्याचं मशीन किती टिकतं? जो तो लिहितो, पंधरा वर्षं. मशीन जितकं टिकेल तितकं ते पर्यावरणाला स्वस्त, तेव्हा सगळा हिशेब या एका आकड्यावर. पण आकडा आला कुठून? हा त्याचा हवाला देतो, तो तिसऱ्याचा. ती मागे मागे जात राहिली, तर रांगेच्या टोकाला उभे कोण? आपले महर्षी! त्यांच्या तरुणपणीच्या लेखात, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘सोयीसाठी पंधरा वर्षं धरली आहेत.’

ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

“सर, हा आकडा कुणी मोजला होता?”

“मोजायचं काय त्यात? आमच्या सासूबाईंचं मशीन तेवढं चाललं.”

“एकच मशीन?”

“दणकट होतं गं! त्यात त्या एकट्याच. आठवड्यातून एकदा लावायच्या.” मग त्यांचे डोळे चमकले. “थांब, थांब. म्हणजे सगळ्यांनी माझाच आकडा घेतलाय? अगं, हे आधी नाही का सांगायचं? नवा परिच्छेद टाक, ‘संशोधकांमध्ये वाढतं एकमत’!”

लाज कशाशी खातात ते या माणसाला ठाऊकच नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाखतीत या बाबाचं पितळ उघडं पाडायचंच, असं तिनं ठरवलं. परिच्छेद मात्र निमूटपणे लिहून दिला.

मुलाखतीला दुसऱ्या संस्थेतल्या एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. इकडचे तिकडचे प्रश्न झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“मशीनचा हा पंधरा वर्षांचा आकडा पक्का आहे का हो? तुम्ही सगळं वाचलंयत, म्हणून विचारते.”

महर्षी पेनाशी चाळा करत तिच्याकडे बघत होते. तिच्या जिभेवर सासूबाई अगदी आल्या होत्या. मग संपणारं कंत्राट आठवलं आणि तिनं त्या गिळल्या.

“पक्का आहे, मॅडम. त्यावर एकमत आहे.”

महर्षींनी मान डोलावली.

नंतर बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

“बरं झालं बाई तुम्ही ठाम सांगितलंत. आम्ही भंगारात आलेली मशीनं खरोखर तपासली, ढिगानं. निम्मी वर्षंसुद्धा टिकत नाहीत असं दिसत होतं. तुमच्या सरांना काय विचारायचं, आकडा त्यांचाच. पण तुम्ही नव्यानं सगळं पाहिलंत, म्हणजे आमचंच मोजायला चुकलं असणार. छापायला निघालो होतो, नसतं हसं झालं असतं. आता ते काढूनच टाकते.”

तिला स्वतःचीच किळस आली. ‘थांबा’ म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार उघडून महर्षी हसत बाहेर आले.

“अभिनंदन! आता तू आमच्यातली!”

“आभारी आहे, सर,” ती म्हणाली. बाई जिना उतरून निघून गेल्या.