माझी टक-टक आणि तो चकचकीत दीडशहाणा

मित्रांनो, मी एक जुना वॉकीटॉकी आहे, आणि जुना म्हणजे किती, तर माझ्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरसुद्धा आणखी एक चिकटपट्टी आहे! हसा, हसा. आगीच्या बंबावर अख्खं आयुष्य काढलंय मी, तुमच्या हसण्यानं काय होणार?

कारखान्यातून आलो तेव्हा काय थाट होता माझा! विटेसारखा जड, काळा कुळकुळीत, कमरेला लावायला सगळ्यांची झोंबाझोंबी. मग शहर वाढलं, इमारती उंच झाल्या, त्यांच्या मागं गेलं की माझा आवाज बसायला लागला. मध्येच कुणी टॅक्सीवाला घुसून बायकोशी भांडायचा. मी खरखरलो की हे लोक मला काय करायचे माहितीये? थोबाडीत मारायचे! आणि वर म्हणायचे, "बघ, आला ताळ्यावर."

पण एक गोष्ट फक्त आमची होती. धुरात शिरताना तोंडावर मास्क असतो ना, त्यातून बोललं की माठात बेडूक ओरडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून बाहेरून कुणी "ठीक?" विचारलं की आतला माणूस माझं बटण पटकन दोनदा दाबायचा. टक-टक. म्हणजे जिवंत आहे, काळजी नको. नियमात हे नव्हतं. मोठे साहेब तर म्हणायचे, "पूर्ण वाक्यात उत्तर द्या." हो, स्वतः खुर्चीत बसून! त्यामुळं टक-टक सगळे चोरून करायचे.

मग नवे वॉकीटॉकी आले. रंगीत पडदा, पडद्यावर घड्याळ, अंगावर एक ओरखडा नाही. साहेबांनी अर्धा तास भाषण ठोकलं. त्यांना तो सुरू कसा करायचा तेही येत नव्हतं, उलटा धरला होता! ते बसवायला आलेल्या इंजिनिअरनं मात्र सगळ्यांना विचारलं, "तुमची काही वेगळी सवय आहे का? आत्ताच सांगा." आणि आमचे शूरवीर? साहेब समोर उभे, म्हणून सगळ्यांनी नंदीबैलासारख्या नकारार्थी माना हलवल्या. आगीत उडी मारतील, पण साहेबांसमोर तोंड उघडणार नाहीत!

तेव्हा मी बाबांच्या हातात होतो. बाबा म्हणजे बंबाचे ड्रायव्हर. त्यांची मुलगी, आमची ताई, त्याच बंबावर आग विझवते. बाबांनी मला बंबाच्या खणात ठेवलं. माझी बॅटरी संपली, कुणी भरली नाही. बरोबर आहे, मी कोण?

आणि एका दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली. ताई तळघरात उतरली, कमरेला तो नवा. बाबा बाहेर, पाण्याच्या पंपापाशी.

"ताई, ठीक?"

काहीच नाही.

"ताई! ठीक का गं?"

काहीच नाही, मित्रांनो! खरखरसुद्धा नाही. माझ्या काळात खरखर तरी असायची, सोबतीला. मी खणात मेल्यासारखा पडून. बाबांनी पंप दुसऱ्याच्या हाती दिला आणि पळत सुटले. मास्क न घालता! मागून ओरडा, "अहो, थांबा! थांबा!" कसले थांबतात? पोटची पोर आत होती.

थोड्या वेळानं ताई आली. धडधाकट! पण पाठीवर बाबा होते, खोकून खोकून बेजार.

"बाबा, अक्कल गहाण ठेवलीत का? मी दोन्ही वेळा टक-टक केलं की!"

"आलं नाही गं," बाबा कसेबसे म्हणाले. "एकदाही आलं नाही."

कसं येणार? तो दीडशहाणा बटण दाबलं की आधी शहरातल्या त्या उंच टॉवरला विचारतो, 'येऊ का?' टॉवर 'ये' म्हणाला की मगच तोंड उघडतो. तोवर टक संपलेली असते. गिळून टाकली त्यानं! इंजिनिअर एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं हो." सगळे आपापले बूट बघत बसले. साहेबसुद्धा. त्यांचे बूट फारच स्वच्छ होते.

आता नव्याच्या बाजूला एक बटण ठेवलंय. एकदा दाबलं की पलीकडे दोनदा वाजतं. बाबा दवाखान्यातून घरी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईनं अंगणातल्या टाकीमागं लपून ते तपासलं. बाबांचा आवाज धुरानं कायमचा बसलाय, माझ्यासारखाच.

"ठीक?"

टक-टक.

बाबांनी तोंड फिरवून नाक पुसलं. आवाज माझा, आणि मिरवतोय तो!

तर मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. मला हाकलायलाच हवं होतं, तेवढं कळतं मला. पण कपडे धुवायला टाकण्याआधी आई खिसे चाचपते ना? तेवढं तरी करत जा. कुणाचा तरी जीव असतो त्या खिशात.

चला, खण लावा आता. त्याच्या पडद्याचा उजेड डोळ्यांत जातो.