नुसतं सांगितलं

‘मुक्त पत्रकार’ हा शब्द त्याच्या आईला कधीच पटला नाही. “मुक्त म्हणजे सुटलेला,” ती म्हणायची. “लोक विचारतात, कशातून सुटला? मी काय सांगू त्यांना?” आठ वर्षांपूर्वी तो नोकरीतून सुटला होता हे खरं, पण ते तिला चारचौघांत सांगवत नसे. “घरूनच ऑफिस करतो,” असं ती सांगे. हे ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. पानं मांडायची वेळ झाली की ते इस्त्रीच्या कपड्यांशेजारी हलवलं जाई.

त्याच्या धंद्याचे नियम फार नव्हते. ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याकडे चहा घ्यायचा, पण बिस्किटाला हात लावायचा नाही. छापून येण्याआधी मजकूर त्याला दाखवायचा नाही. आणि माणूस जे बोलला तेवढंच त्याच्या तोंडी घालायचं.

“बिस्किटाला विकला जाणारा माणूस चहालाही विकला जाईल की,” बायकोचं म्हणणं.

“चहा आपोआप समोर येतो. बिस्किट उचलावं लागतं.”

यावर ती “अरे वा,” एवढंच म्हणे आणि स्वतः दोन बिस्किटं उचले.

या खेपेला विषय होता नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव. तीन महिने कोरडा होता आणि दारावर ‘काम चालू’ अशी पाटी होती. काम सोडून सगळं चालू होतं. गुरुवारी तलावाच्या अभियंत्याने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, “पंप संपलाय हे मला गेल्या वर्षीच माहीत होतं. दोनदा लिहून दिलं वर.” ती दोन्ही पत्रं त्याने स्वतः पाहिली, आवक विभागाच्या शिक्क्यांसकट. घरी येऊन त्याने लिहिलं, ‘...असे अभियंत्यांनी सांगितले.’

शुक्रवारी सकाळी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचं मांडून तयार झालेलं पान डोळ्यांखालून घालायला आलं. त्यात ‘सांगितले’ नव्हतं. ‘पंप निकामी असल्याचे गेल्या वर्षीच माहीत होते, अशी कबुली अभियंत्यांनी दिली.’ पत्रं घसरत घसरत शेवटच्या परिच्छेदात जाऊन बसली होती.

त्याने पुरवणीच्या संपादकाला फोन लावला. संपादक एके काळी त्याच्याच हाताखाली बातमी लिहायला शिकला होता आणि तेव्हापासून त्याला ‘गुरू’ म्हणायचा, आदराने की टिंगलीने ते दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.

“गुरू, ‘सांगितले’ अगदीच आळणी लागतं रे.”

“कबुली द्यायला आधी लपवावं लागतं. त्या माणसाने दोन पत्रं दिलीत. हा कबूल काय करणार?”

“एका शब्दासाठी एवढं? तुझा कोण लागतो तो?”

“कुणी नाही.”

“मग सोड ना! दोन वाजता पान छपाईला जातंय.”

“एक तर ‘सांगितले’ ठेव, नाहीतर मजकूर काढ. माझं नाव पण काढ.”

“काढलं तर जागा मोकळी राहत नाही, गुरू. दुसरा कुणीतरी बसतो. मग कायमचाच बसतो.”

“बसू दे,” असं तो म्हणाला खरा. महिन्यातून दोनदा मिळणारं ते अर्धं पान ही त्याची एकमेव हक्काची जागा होती. बाकीचं काम पाहुण्यासारखं, आलं तर आलं.

फोन ठेवतो न ठेवतो तोच अभियंत्याचा आला.

“साहेब, ते लिहून झालं असेल तर जरा पाठवता का? नुसती नजर टाकतो.”

“छापण्याआधी दाखवत नाही मी. तुम्ही बोललात तेच आहे त्यात.”

“ते झालंच हो. पण ‘ठणकावून सांगितले’ असं घालाल ना? वरच्यांना कळू दे.”

“तुम्ही ठणकावलं नव्हतं. दार लावून घेतलं होतंत आणि हळू बोलत होतात.”

“मग निदान ‘स्पष्ट केले’ तरी!”

“फक्त ‘सांगितले’.”

“बघा बुवा,” अभियंता दुखावून म्हणाला. “आम्ही तुम्हाला आपलं समजलो होतो.”

बायको टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कांदा चिरत फोनच्या स्पीकरवरचं हे सगळं ऐकत होती. “म्हणजे संपादक म्हणतो अभियंता तुझा नातलग, आणि अभियंता म्हणतो तू परका,” ती म्हणाली. “बरोबरच लिहिलेलं दिसतंय.” मग सुरी थांबवून, “ते अर्धं पान हातचं गेलं तर?”

“गेलं तर दुसरं शोधायचं.”

“शोध. पण आधी हे टेबल मोकळं कर.”

दोन वाजून गेले. संपादकाचा फोन आला नाही, आणि याने केला नाही. शनिवारी त्याने घरातले तीन नळ दुरुस्त केले. त्यातला एक मुळात गळतच नव्हता.

रविवारी पुरवणी आधी आईच्या हाती लागली. तो दाढी करायच्या निमित्ताने आरशासमोर उभा राहिला.

“आलंय का काही?”

“आलंय. तुझं नाव पण आहे. ‘पंपाचीच कबुली’, असं मोठं छापलंय वर.”

गालाला अर्धा फेस तसाच ठेवून तो बाहेर आला. मजकुरात ‘सांगितले’ जागच्या जागी होतं. पत्रं वर सरकून दुसऱ्या परिच्छेदात आली होती. संपादकाने आपलं तिखट मथळ्यात नेऊन ओतलं होतं, आणि तेही पंपाच्या अंगावर. सवयीने त्याने मथळाही तपासला. तलावावर त्याच्यासमोर तो पंप सुरू करून दाखवला होता; तेव्हा त्याने जे आवाज काढले, त्यांना ‘कबुली’शिवाय दुसरा शब्द नव्हता. हरकत घेण्यासारखं काही सापडेना.

आईने मात्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून. “अभियंत्याने नुसतं सांगितलं होय?” ती निराश होऊन म्हणाली. “मला वाटलं, तू त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलंस.”

“नाही गं. विचारलं, त्याने सांगितलं.”

“आणि याला तीन दिवस लागले?”

“चार,” तो म्हणाला, आणि उरलेली दाढी करायला आनंदाने आत गेला.