बारावी पाहुणी

गोष्ट २०१८ सालची. कल्याणच्या एका कॉलेजात कुंडलिक सरांच्या हाताखाली उत्तरा तीन वर्षं आकाशातल्या दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलक्सींच्या, गटांची वजनं काढत होती. गटातल्या दीर्घिका जितक्या जोरात पळतात, तितका त्यांना धरून ठेवणारा गट वजनदार. पण गटातली कोण आणि नुसती समोरून चाललेली कोण, हे आधी ठरवावं लागे. अशा वाटसरू दीर्घिकेला सर ‘पाहुणी’ म्हणत.

त्या जूनमध्ये दिवा स्टेशनजवळ राहणारी समीक्षा नावाची नवी मुलगी आली आणि सरांच्या तोंडी तिचंच नाव बसलं. डोंबिवलीच्या उत्तराला खरी पाहुणी हीच वाटे.

सरांनी दोघींना एकच गट दिला. उत्तराने अकरा दीर्घिका धरल्या, समीक्षाने बारा. बारावी अशी सुसाट, की तिच्यापायी गटाचं वजन दीडपटीच्या वर गेलं.

“पाहुणी आहे ती. काढून टाक,” उत्तरा म्हणाली.

“का गं ताई? पळते म्हणून? आमच्या दिव्यात पाणी आलं की बघ, घरचेच हंडे घेऊन पळतात. पाहुणा चहा पीत बसतो.”

सर खो खो हसले. तीन वर्षांत उत्तराच्या एकाही बोलण्यावर ते असे हसले नव्हते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुण्याच्या परिषदेत एकीलाच बोलायला मिळणार होतं. सर म्हणाले, “जिचा आकडा धरू, ती बोलेल. उत्तरा, तू थोरली. बारावीचं तूच ठरव.”

“ताई, एकदा नीट बघ हं,” समीक्षा म्हणाली.

उत्तराने बघितलंच नाही. बारावीवर सरळ काट मारली.

पुण्यात तिचं बोलणं झालं आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. “या गटातला वायू आम्ही मोजलाय. इतका तापलेला वायू इतक्या हलक्या गटात टिकेल कसा? तुमच्या तक्त्यातली ती काट मारलेली बारावी का वगळलीत?”

खरं कारण उत्तराला पक्कं ठाऊक होतं, पण ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

“ती... पाहुणी वाटली,” ती पुटपुटली.

पुढे सर निवृत्त झाले, खडवलीला भाजी लावतात. समीक्षा बंगळुरात संशोधन करते. आईवडिलांना तिने कोपरला घर घेऊन दिलं. उत्तरा ठाण्याच्या शाळेत शिकवते. दर दिवाळीला समीक्षाचा फोन येतो, “ताई, फराळ झाला का?” उत्तरा फोन उचलते, पण थोडा वाजू देऊन.