मोटारीतलं गोड तीर्थ

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, एका गॅरेजात जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी माणसं बर्फाचे बूट दाराशी काढून थंडगार सिमेंटवर नुसत्या मोज्यांनी उभी होती, आणि आरती चालली होती एका मरून रंगाच्या स्टेशन वॅगनची.

गाडीचं पुढचं उजवं दार सताड उघडं. आत, बसणाऱ्याने पाय ठेवायच्या जागी, एक पाट. पाटावर तांब्याचं ताम्हण, आणि ताम्हणात गुरुदत्तबुवांच्या लाकडी पादुका. इंजिन सुरू, हीटर पूर्ण सोडलेला, आणि पादुका ओल्याचिंब. थेंब ओघळत होते, वरच्या हळदकुंकवात मिसळत होते, आणि ताम्हणात केशरी तीर्थ साचत होतं. घमघमाट असा, की आत कुणी पाक उकळत ठेवलाय असं वाटावं.

"तुम्ही सगळे सायन्सवाले!" बुवा गरजले. भगव्या कफनीवर कुणीतरी दिलेलं निळं स्की जॅकेट होतं, त्याची चेन लागत नव्हती. "तुम्हाला प्रूफ पाहिजे. घ्या प्रूफ! हिमालयात बर्फ, मिशिगनमध्ये बर्फ. तिथे गंगा निघते, इथे आमच्या चरणांतून निघाली. फ्रीक्वेन्सी एकच! लाकडात साखर नाही, गाडीत साखर नाही, मग गोडी आली कुठून? विचारा तुमच्या लॅबोरेटरीला! आणि इंजिन बंद करू नका हं कुणी. ही घरघर म्हणजे ओंकार. तो थांबला की तीर्थ थांबतं."

गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शरयूला वाटलं, या शेवटच्या वाक्यात काहीतरी आहे. तीर्थ खरोखरच थांबत असे. इंजिन बंद केलं की थोड्या वेळात थेंब विरळ होत, मग बंद. देवाला ओंकारासाठी पेट्रोल का लागावं?

पण तिने तोंड उघडलं नाही. गॅरेजही तिचंच होतं आणि गाडीही. तरी तिच्या बोलण्याला इथे किंमत नव्हती. इंजिनाचा धूर कोंडेल म्हणून तिने गॅरेजचं दार वर उघडून ठेवायला लावलं, तेव्हा बर्फाचा वारा आत येतो म्हणून सगळे कुरकुरले होते. सतत कसली ना कसली धास्ती घेते म्हणून तिचा नवरा श्रीरंग तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा, आणि पॉटलकच्या एकत्र जेवणांना लोक त्यावर हसायचे. तीही हसायची. पण चार वर्षांच्या रुपालीवरची नजर काही हलायची नाही.

बुवा दिवाळीपासून मालिनीकाकूंकडे उतरले होते. दर शनिवारी पादुका एका घरी जात, आणि त्या न्यायला श्रीरंगची लांबरुंद गाडी. सीटवर ठेवल्या तर ब्रेक मारताच गडगडायच्या, म्हणून खाली पाट आणि ताम्हण. नाताळच्या सुमारास एकदा घरी पोचून दार उघडलं, तर पादुका भिजलेल्या! तेव्हापासून बुवांनी जाहीर केलं की पादुकांनी या गाडीतच आसन घेतलं आहे. आता भक्तांनीच इथे यावं. आणि भक्त आले. श्रीरंगची छाती फुगली. ऑक्टोबरात हीटरचे रबरी पाइप त्याने स्वतः, लायब्ररीतलं पुस्तक समोर ठेवून बदलले होते. ऑफिसात कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमखेरीज कशाला हात न लावणाऱ्या माणसाने! आता त्याच गाडीला देव पावला होता.

"मालिनी, अजून थोडं दे," फोल्डिंगच्या खुर्चीतून राजारामकाका म्हणाले. ते मालिनीकाकूंचे यजमान. पेढ्याकडेही न बघणारे मधुमेहाचे रुग्ण. बुवांनी त्यांना सांगितलं होतं, हे गोड असून साखर नव्हे, हे साखर पळवणारं अमृत. इतके दिवस ते पळीभर घेत. आज मात्र आरतीआधीच फुलपात्र भरून प्यायले होते. आता त्यांची मान डुलत होती, जीभ जड झाली होती.

"समाधी!" बुवा म्हणाले. "पहिली पायरी."

"किती शांत दिसतायत ना?" काकूंचे डोळे भरून आले. मग त्या पळी घेऊन मुलांकडे वळल्या. रांगेत पहिली रुपाली. "आ कर ग बाळ."

"इज इट कँडी वॉटर?" रुपालीने विचारलं, आणि तोंड उघडलं.

शरयूचा हात कधी सुटला तिलाच कळलं नाही. पळी उडाली आणि सिमेंटवर ठणठणत गेली.

टाळ्या थांबल्या. इंजिनाची घरघर तेवढी राहिली.

"शरयू! तीर्थ सांडलंस!"

"सांडलं ते बरं झालं, काकू."

"शरू, काय करतेस? लोक बघतायत," श्रीरंग कानाशी आला.

"बघू देत." तिचा आवाज कापत होता, पण ती मागे सरली नाही. "श्रीरंग, गाडीची काच आतून सारखी धुरकट होते. मी रोज वर्तमानपत्राने पुसते, तरी चिकट राहते. का?"

"आता काचेचं काय मध्येच?"

"रेडिएटरमधलं पाणी दर आठवड्याला कमी होतं. तू गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघितलंस. एक डाग नाही. तू म्हणालास लीक नाही. मग पाणी जातं कुठे?"

"गाडी आपला नैवेद्य ग्रहण करते, ताई," बुवा मधाळ हसले. "सूक्ष्मात."

शरयू त्यांच्याकडे वळली. "नैवेद्य. बरी आठवण केलीत. दर शनिवारी सकाळी तुमचा फोन येतो, 'श्रीरंग, आरतीआधी गाडीचा नैवेद्य भर.' मी विचारायची, नैवेद्य म्हणजे काय? श्रीरंग, सांग ना सगळ्यांना, तू काय भरतोस?"

श्रीरंगचा चेहरा पडला. "अँटीफ्रीझ," तो पुटपुटला. "रेडिएटरमध्ये. थंडीत पाणी गोठू नये म्हणून."

"आणि एका शनिवारी तू विसरलास, तर?"

"त्या दिवशी... तीर्थ आलं नव्हतं."

गर्दीत कुजबुज झाली. बुवांनी हात वर केला. "भक्तीत खंड पडला, म्हणून!"

शरयू उत्तर द्यायला थांबली नाही. आत जाऊन तिने स्वयंपाकघरातला फोन उचलला. रुपाली रांगायला लागली तेव्हापासून विषबाधेच्या मदतकेंद्राचा नंबर त्या फोनवर चिकटवलेला होता. पलीकडच्या बाईने दोनच प्रश्न विचारले, कोण प्यायलंय आणि किती. मग म्हणाली, त्या गृहस्थांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या. अँटीफ्रीझ चवीला गोड, पण जहाल विष; ती समाधी नाही, त्या विषाची झिंग आहे. झिंग उतरल्यावर माणूस बरा दिसतो, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं जातात. बाकी ज्यांनी चमचाभर घेतलंय तेही येऊ देत.

ती स्टीलच्या दोन वाट्या आणि एक टॉवेल घेऊन परत आली. "काकू, काकांना हॉस्पिटलात न्यायचंय. आत्ता."

"हात लावू नकोस त्यांना! समाधी मोडली तर प्राण जातो."

"कोण म्हणालं?"

काकूंनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी डोळे मिटून घेतले होते.

शरयूला दिसलं, की नुसत्या बोलण्याने काकू हलणार नाहीत आणि वेळ तर नाही. ती गाडीशी गेली. पादुका दोन्ही हातांनी उचलल्या. पाचसहा जणांनी एकदम श्वास आत घेतला. तिने त्या टॉवेलने खडखडीत पुसल्या आणि कोपऱ्यातल्या वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवल्या. ताम्हण काढलं. पाटावर रिकामी वाटी ठेवली.

"बघा हं आता. चमत्कार पादुकांचा असेल, तर त्या तिथेही पाझरतील. गाडीचा असेल, तर वाटी भरेल. सोपं आहे."

"तपश्चर्येची परीक्षा घेतेस?" बुवांनी डोळे उघडले.

"हो."

सगळे वाटीवर वाकले. क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला रेडिओभोवती कोंडाळं होतं तसं. वरून, डॅशबोर्डखालच्या काळ्या पेटीतून, एक थेंब सुटला. टप. मग दुसरा. वॉशिंग मशीनवरच्या पादुका कोरड्या ठणठणीत.

आणि वाटीतलं पाणी केशरी नव्हतं. आता मध्ये हळद नव्हती, कुंकू नव्हतं. पाणी हिरवं होतं, लखलखीत हिरवं.

शरयूने फळीवरचा अँटीफ्रीझचा डबा घेतला आणि दुसऱ्या वाटीत थोडं ओतलं. दोन्ही वाट्या शेजारी शेजारी धरल्या. गाडीतली थोडी फिकट, पण हिरवा तोच.

त्या गर्दीतली निम्मी माणसं पोटासाठी मोटारींच्याच कारखान्यांत कामाला होती. हा हिरवा रंग त्यांनी हजारदा पाहिला होता. कुंकवाखाली तो एकालाही दिसला नव्हता.

"च्यायला, हीटर कोअर," मागून कुणीतरी म्हणालं.

"अज्ञान!" बुवा उसळले. "आता ही गाडीच सिद्ध झाली आहे. तेज पादुकांतून यंत्रात उतरलं, यंत्रातून वाटीत!"

"मग घ्या." शरयूने वाटी त्यांच्या तोंडापुढे धरली. "तुमचंच तेज आहे. घ्या दोन घोट."

बुवा पाऊलभर मागे सरले. "आम्ही स्वतःचं तीर्थ घेत नसतो. शास्त्राला धरून नाही ते."

"इतक्या शनिवारांत एकदाही घेतलं नाहीत?"

"छे छे! कधीच नाही."

"लहान मुलांना चालतं, मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाला चालतं, तुम्हालाच तेवढं चालत नाही?" वाटी तशीच पुढे होती. "काकांनी फुलपात्रभर घेतलंय. तुम्ही एक घोट घ्या, मी आयुष्यात पुन्हा बोलणार नाही."

बुवांनी स्की जॅकेटची न लागणारी चेन लावायचा प्रयत्न केला. वाटीला हात मात्र लावला नाही.

मालिनीकाकूंनी त्या वाटीकडे पाहिलं, बुवांच्या हातांकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे. काकांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली होती.

"अहो! ऐकलंत का?" त्या ओरडल्या. "उठा! श्रीरंग, अरे बघतोस काय, कुणाची तरी गाडी काढ!"

"आपली नको," शरयू म्हणाली.

काका वाचले. वेळेत पोचले म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. त्या विषावरचा उतारा म्हणजे साधा अल्कोहोल. जन्मभर थेंबाला न शिवलेल्या राजारामकाकांना तो शिरेतून द्यावा लागला, आणि शुद्धीवर येताच त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर हे मराठी मंडळात कुणाला सांगणार तर नाही ना. बाकीच्यांची रक्तं तपासली गेली, सुदैवाने सगळी ठीक निघाली. शरयू तोवर रुपालीला मांडीवरून उतरू देत नव्हती.

रविवारी श्रीरंग टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणा झोपला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.

"सापडलं," तो आतून म्हणाला. "शरू, इंजिनातलं गरम पाणी या दोन पाइपांनी आत येतं. इथे पेटीत हीटर कोअर म्हणून एक छोटा रेडिएटर असतो, त्याच्यावरून हवा जाते म्हणून आपल्याला ऊब लागते. ऑक्टोबरात जुना पाइप चिकटून बसला होता. मी तो पकडीने धरून पिळून उपटला ना, तेव्हा आतली नळी मुळाशी चिरली. पाणी बाहेर सांडतच नव्हतं. पेटीत सांडून इथे आत गळत होतं. पुठ्ठा कोरडाच राहणार."

"आणि वाफ काचेवर."

"हं." तो बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं. "लीक नाही म्हणून मीच छातीठोक सांगत होतो."

त्याने इंजिनापासून येणारे दोन्ही रबरी पाइप काढून एका तुकड्याने एकमेकांना जोडले. पाणी आता आत येणारच नव्हतं. मग शेजारपाजारच्या, काल आरतीला आलेल्या चारसहा जणांना बोलावून इंजिन सुरू केलं आणि पाटावर वाटी ठेवली. ओंकार मोठ्याने घरघरत होता. वाटीत एक थेंब पडला नाही. नवा कोअर बसेपर्यंत ती तिघं गाडीत कोट, टोपी, मफलर घालून हिंडली, आणि रुपाली दर सिग्नलला "आय ॲम फ्रीझिंग!" ओरडायची.

शिकागोहून अचानक बोलावणं आलं असं सांगून बुवा सोमवारी निघाले. ते पोचायच्या आधीच शरयूने तिथल्या मंडळींना फोन करून सगळं सांगितलं होतं.

पुढच्या महिन्यात मालिनीकाकूंकडे हळदीकुंकू होतं. काका सोफ्यावर बसून फिका चहा पीत होते. बायका शरयूशी जरा जपूनच बोलत होत्या. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं ग. पण सगळ्यांसमोर पादुका उचलल्यास, त्याने मन दुखावलं. श्रद्धा तरी राहू द्यावी माणसाची."

"ठेवा ना काकू. मी कुठे काढून घेते?" शरयूचा आवाज आज कापला नाही. "देवाला नमस्कार करा, आरती करा, मीही टाळ्या वाजवीन. पण लेकराच्या तोंडात काही घालायच्या आधी ते कुठून आलं, कशाचं आहे, हे विचारायलाच हवं. आजारी माणसाला औषध म्हणून कुणी अमृत देत असेल, तर डॉक्टरला विचारायलाच हवं. आपण सगळे शिकलेले आहोत. इथे परक्या देशात येऊन एवढी कामं करतो. मग एका कफनीपुढे डोकं घरी ठेवून का यायचं? प्रश्न विचारल्याने देव बाटत नाही, काकू. प्रश्नाला घाबरलाच कुणी, तर तो बुवा असतो. त्याच्यापुढे त्याचीच वाटी धरा."