दोन सीटा बाकी

"नाव लपवता येते म्हंते ना त्या दिल्लीच्या कागदात? मंग लपव," डोमाजी लेकीला म्हणाले.

प्रियदर्शनीला हसूही आलं नाही. परतवाडा ते धारणी जीपमध्ये किती सीटा उरल्या, हे सांगणारं ॲप जगात एकच होतं आणि ते तिनं केलेलं. नाव झाकून काय झाकणार होतं!

इथली जीप घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. म्हणून जीपवाले सीट भरली की मोबाईलवर बटण दाबत आणि मधल्या फाट्यांवरची माणसं जागा बघून घरातून निघत. मागच्या वर्षी अकरा जीपवाल्यांनी, नसती भानगड नको म्हणून, ॲपमध्ये नोंदणी करताना आपल्यातल्याच देवमन जीपवाल्याचा नंबर टाकला. एकाच्या फोनवर अख्ख्या स्टँडचं काम चालतं, त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. पण ज्या बड्या कंपनीच्या मोबाईलमधल्या दुकानातून लोक ॲप घेत, तिच्या मशीनला त्यात अकरा खोटी माणसं दिसली. ॲप गायब! प्रियदर्शनीनं कंपनीला सतरा वेळा लिहिलं. उत्तर दरवेळी तेच, मशीनचं. सव्वीस दिवसांनी ॲप परत आलं, कारण कुणी सांगितलं नाही.

त्या दिवसांत मधल्या एका फाट्यावरची म्हातारी मनकर्णाबाई डायलिसिसला निघाली आणि दुपारपर्यंत फाट्यावरच बसून राहिली. सगळ्या जीपा भरून गेल्या. "तुया मोबाईल मुका झालता काय वं पोरी?" एवढंच तिनं नंतर विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता दिल्लीहून, बड्या कंपन्यांच्या मनमानीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाचं पत्र आलं होतं. ॲपच्या बड्या दुकानांची चौकशी चालू आहे, तुम्हाला काय सोसावं लागलं ते कळवा, हवं तर नाव गुप्त ठेवू. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती.

"तीस वर्सं एस.टी.त काढली म्या, सायबाविरुद्ध कागदावर सही नाई केली कदी," डोमाजी म्हणाले. "त्या कंपनीवाल्यायनं पुन्हा ॲप बंद केलं तं?"

"तेच भेव हाये ना, बाबा."

तिला भीती वाटत होती, चांगलीच. फाट्यावर बसलेली ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. लिहिलं तर ती पुन्हा तशीच बसेल. नाही लिहिलं तरी मशीनचं काय सांगावं?

पाचला वीस मिनिटं असताना तिनं सगळं लिहून पाठवलं, पूर्ण नावानिशी. मग मोबाईल वाजला की ती ॲप जागेवर आहे का बघू लागली. घरात बसवेना. ती रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्टँडवर गेली आणि देवमनच्या जीपच्या मागच्या दारावर लिहू लागली: सीट विचारायला फोन करा. खाली स्वतःचा नंबर.

"मोबाईलवर दिसते ना सारं, मंग हे काहून लिहून राहिली?" देवमननं विचारलं.

"उद्या दिसंन का नाई, काय माईत, देवमनभाऊ."

शेवटचा आकडा ओघळला. देवमननं तो दुपट्ट्यानं पुसला, ब्रश घेतला आणि ठळक काढला. मग त्याच्याखाली आपलाही नंबर लिहिला.

"दोन सीटा बाकी!" तो ओरडला आणि जीपमध्ये जाऊन बसला.